बट्टा

मस्जिद बंदरला, खजुराच्या वखारीला लागून
वालजी खिमजींची पेढी होती. तिथं माझी जागा म्हणजे
हातभर लांबीचा एक काळा दगड.
त्यावर नाणं टाकायचं आणि कान द्यायचा.
महिना अठरा रुपये. दिवाळीला उपरणं.

नारळी पौर्णिमा सरली की गलबतं लागायची,
मस्कतची, कुवेतची, बहारीनची.
खजुराची वाडगी, सुकी मुशी, घोडा एखादा,
आणि लाल फडक्यात बांधलेले मोती.
मोत्यांचा सौदा वर, माडीवर.
रुमालाखाली बोटं भाव करीत,
तोंडं मात्र पाण्यापावसाचं बोलत.
मोत्याचं वजन चवीत करतात.
नवा होतो तेव्हा मी खरंच एक जिभेला लावला होता.
खारट लागला. शेठ आठवडाभर हसत होते.

माझ्याकडे खालचं काम, रोकड.
बंदा रुपया आमच्याच टांकसाळीतला,
तो तिकडे वाळूतही चालायचा.
पण जुने नाखुदे रियाल आणीत,
जाडजूड, भरल्या गळ्याच्या परदेशी राणीचा.
राणी सतराशे ऐंशीत वारली,
तेव्हापासून नाण्यावर तेच साल, दर वर्षी नवं.
तिच्या खांद्यावरच्या पदकात मणी मोजायचे.
नऊ भरले तर खरा.
मग दगडावर टाकायचा.

ज्या वर्षी नव्या रुपयावरच्या हत्तीला
लोक डुक्कर म्हणाले, आणि सरकारनं
तो रुपया माघारी घेऊन वितळवला,
त्या वर्षी जुम्मा बिन सुवेद आला.
गावाचं नाव सूर.
आमच्या धंद्यात असं गाव असलेलं बरं, मी म्हटलं.
त्याला विनोद कळला नाही.

दोनशे बारा रियाल मोजले.
खणखण, खणखण, कान सैलावला होता.
एकशे चाळिसाच्या आसपास कुठंतरी
एक नाणं बोललं, ठप्.
उचललं. मणी नऊ. चांदी खरी.
राणीच्या डोक्यावर मात्र डाळीएवढं भोक,
आणि ते कुणीतरी शिशानं बुजवलेलं.
दागिन्यातलं, मी म्हटलं. तीन आणे बट्टा.
जुम्मा काही बोलला नाही.
मान हलवली. मी वहीत लिहिलं.

बट्ट्याची नाणी वेगळ्या थैलीत पडत.
थैली भरली की झवेरी बाजारात, भट्टीवर.
ही आमची नेहमीची रीत.

पुढच्या मोसमाला तो पुन्हा दारात उभा.
मुठीत पुरे पैसे, वर तीन आणे.
ते एक नाणं परत पाहिजे, म्हणाला,
मोडक्या हिंदुस्तानीत, समुद्राकडे बघत.
माझ्या मुलीला मोजता येतं.

मी सांगितलं, ते आता पाटात गेलं.
चांदीच्या पाटात.
कुठल्या पाटात? त्यानं विचारलं.

काय सांगणार? अठ्ठावीसशे तोळ्यांचा एक पाट,
तो चीनला गेला असेल, किंवा
कुणा मारवाड्याच्या तिजोरीत, किंवा
टांकसाळीत परत, रुपया होऊन,
आणि तो रुपया कदाचित याच्याच मुठीत.
एवढं सगळं मला तेव्हा सुचलं नाही.
मी गल्ल्यातून एक चांगला रियाल काढला,
कोरा, नऊ मणी, कुठंही डाग नाही.
म्हटलं, भोक आमचा सोनार पाडून देईल.

जुम्मानं तो घेतला. माझ्या दगडापाशी आला.
न विचारता वरून सोडला.
असला सूर, की शेजारचा गुमास्ताही वळला.
जुम्मा वाकून ऐकत राहिला
आवाज पूर्ण विझेपर्यंत.

छान वाजतो, म्हणाला.
तिचा असा वाजत नव्हता.
आणि नाणं माझ्याकडे सरकवलं.

मग तांदळाचा हिशेब झाला, सागाच्या फळ्यांचा,
खिळ्यांचा. जाताना त्यानं हात मिळवला,
त्यांच्या रीतीनं, छातीला लावून.

पेढी पुढं बुडाली. जपानी मोत्यांनी बुडवली म्हणतात.
चोपड्या रद्दीत जायच्या होत्या, एक मी ठेवून घेतली.
पान अजून फाटलेलं नाही:
बट्टा, तीन आणे, शेठच्या खाती जमा,
माझ्या वळणदार मोडीत.